क्वीन लतीफा : एका शिक्षिकेच्या कन्येचा जीवनक्रम

मुलांना आवडणारें गाणें वडील मंडळींना आवडत नाहीं, ही तक्रार आजची नव्हे. प्रत्येक पिढी आपल्या तरुणपणचीं गाणीं गोड आणि पुढच्या पिढीचीं कर्कश मानीत आली आहे. 'रॅप' या नांवानें प्रसिद्ध असलेल्या गायनप्रकाराविषयीं तर हा वाद घरोघर ऐकूं येतो. मुलें त्याचीं कडवीं तोंडपाठ करतात, आणि वडील मंडळी विचारतात कीं, यांत गाणें तें कोणतें व घेण्यासारखें तें काय? या प्रश्नाचें उत्तर वादानें देण्यापेक्षां एका चरित्रानें द्यावें, असें आम्हांस वाटलें. म्हणून अमेरिकेंतील क्वीन लतीफा या गायिकेच्या पूर्वायुष्याची व उत्कर्षाची हकीकत आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों. तिच्या कीर्तीपेक्षां त्या कीर्तीच्या मुळाशीं असलेल्या एका शिक्षिकेकडे वाचकांनीं विशेष लक्ष द्यावें, अशी आमची विनंती आहे.

प्रथम हा गायनप्रकार काय आहे तें पाहूं. रॅपमध्यें सुरांपेक्षां शब्दांस व तालास महत्त्व अधिक. चार मात्रांचा ठेका एकसारखा चालूं असतो, आणि त्यावर गाणारा यमकबद्ध ओळी बोलल्यासारख्या म्हणत जातो. यमक ओळीच्या शेवटीं तर असतेंच, पण पुष्कळदां ओळीच्या पोटांतही असतें. शब्द कोठें ठेक्यावर बरोबर आदळावा, कोठें किंचित् मागें रेंगाळावा, आणि श्वास कोठें घ्यावा, यांतच गाणाऱ्याचें कसब आहे. आपल्याकडे शाहीर डफावर थाप देऊन पोवाडा म्हणूं लागला म्हणजे मधला कथाभाग तो ज्या आवेशानें व लयीनें सांगतो, तो ज्यांनीं ऐकला असेल त्यांना रॅपची थोडीबहुत कल्पना येईल. दोघांचा वंश अर्थात् निराळा आहे. परंतु वाद्याच्या ठेक्यावर शब्द नाचवून आपल्या लोकांचें सुखदुःख सांगावें, ही हौस दोन्हीकडे सारखीच.

या कलेचा जन्म न्यूयॉर्क शहराच्या ब्रॉन्क्स भागांत झाला, आणि त्याची तारीख ११ ऑगस्ट १९७३ अशी सांगतात. सिंडी कॅम्पबेल नांवाच्या मुलीला शाळेसाठीं नवे कपडे घ्यावयाचे होते. पैसे जमावेत म्हणून तिनें राहत्या इमारतीच्या सामाईक खोलीत एक जलसा भरविला. तिचा भाऊ क्लाइव्ह, ज्याला लोक कूल हर्क म्हणत, त्यानें तबकड्या वाजविल्या. हें कुटुंब मूळचें जमेका बेटांतील. हर्कच्या ध्यानांत असें आलें होतें कीं, गाणें थांबून नुसते ढोल वाजूं लागतात त्या थोड्याशा भागावर लोक सर्वांत अधिक उत्साहानें नाचतात. म्हणून तो एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर ठेवून तोच भाग पुनः पुनः वाजवी, आणि त्या ठेक्यावर कोणी तरी यमकें जुळवून बोले. पुढें १९७९ सालीं न्यू जर्सींतील सिल्व्हिया रॉबिन्सन या बाईंनीं 'शुगरहिल गँग' या मंडळीची 'रॅपर्स डिलाइट' ही तबकडी काढली आणि ही गल्लींतील कला देशभर पोंचली.

येथें एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. पहिला जलसा भरविणारी मुलगी, आणि पहिली गाजलेली तबकडी काढणारीही स्त्रीच. परंतु ध्वनिक्षेपक हातीं घेऊन गाणारे मात्र बहुतेक पुरुष. १९८४ सालीं रॉक्सॅन शान्टे या चौदा वर्षांच्या मुलीनें या आखाड्यांत उडी घेतली; १९८८ सालीं एम्. सी. लाइट या तरुणीचा स्वतंत्र गीतसंग्रह निघाला. तरीही मुलीनें रॅप म्हणावें ही एक गंमत आहे, असेंच पुष्कळांना वाटे. अशा वेळीं आमची चरित्रनायिका पुढें आली.

तिचें मूळ नांव डेना एलेन ओवेन्स. तिचा जन्म १८ मार्च १९७० रोजीं न्यू जर्सी संस्थानांतील न्यूअर्क शहरीं झाला. हें शहर न्यूयॉर्कपासून जवळच, हडसन नदीच्या पश्चिमेस आहे. डेनाच्या जन्मापूर्वीं तीन वर्षें, म्हणजे १९६७ च्या जुलै महिन्यांत, एका कृष्णवर्णीय टॅक्सीवाल्यास पोलिसांनीं मारहाण केल्यावरून तेथें मोठी दंगल उसळली व तींत २६ माणसें प्राणांस मुकलीं. पुढें अनेक वर्षें त्या शहरावर या दंगलीची छाया राहिली. अशा शहरांत डेनाचे वडील लान्सलॉट ओवेन्स हे पोलिसांत नोकरीस होते. त्यांचेंच नांव धारण करणारा एक थोरला भाऊ डेनाला होता. घरीं त्याला 'विंकी' म्हणत.

आठ वर्षांची असतांना डेनाने आपल्यासाठीं एक नवें नांव निवडलें. त्या काळीं तिच्या समाजांतील पुष्कळ कुटुंबांत आफ्रिकी व अरबी नांवें घेण्याची आवड होती. नांवांच्या पुस्तकांत 'लतीफा' हा शब्द तिला सांपडला. त्याचा अर्थ कोमल, दयाळू असा आहे. आपल्याकडे 'लतीफ' हें नांव आढळतें तें याच मूळ शब्दावरून. डेना अंगानें थोराड, उंच आणि खेळकर मुलगी होती. लोकांनीं आपल्याला बाहेरून पाहून आडदांड समजावें, पण आंत आपण कोमल आहों हें आपलें आपणांस ठाऊक असावें, असा त्या निवडींतला भाव दिसतो. 'क्वीन', म्हणजे राणी, हें उपपद तिनें पुढें गाऊं लागल्यावर जोडलें.

डेना लहान असतांनाच आईबापांचा संसार मोडला. तिची आई रीटाबाई दोन्ही मुलांना घेऊन न्यूअर्कमधील हायट कोर्ट या सरकारी वसाहतींत राहावयास गेल्या. तेथें भाडें थोडें, पण वस्ती कठीण. रीटाबाईंनीं मनाशीं असें ठरविलें कीं, आपण येथें राहूं, पण कायमच्या राहणार नाहीं. दिवसा नोकरी करावी, मुलांचें पाहावें आणि उरल्या वेळांत कीन कॉलेजांत शिकावें, असा त्यांनीं क्रम ठेविला. आणि शिक्षण पुरें करून त्या न्यूअर्कशेजारच्या आयर्व्हिंग्टन गांवच्या हायस्कुलांत शिक्षिका झाल्या. चित्रकला हा त्यांचा विषय होता. आपल्या शिक्षणाबरोबर मुलांच्या शिक्षणाचीही त्यांना काळजी होती. मुलगी हुशार आहे असें दिसतांच, खर्चाची ओढाताण सोसूनही, त्यांनीं तिला कॅथलिक शाळेंत घातलें. आईच्या या परिश्रमांची गणना कोणत्याही तबकडीवर नाहीं. परंतु मुलीच्या पुढील यशाचा पहिला हप्ता तेथें भरला गेला, असें आम्हांस वाटतें.

मुलीच्या आवाजाची जोपासना दोन ठिकाणीं झाली. एक म्हणजे चर्च. ब्लूमफील्ड येथील शायलो बॅप्टिस्ट चर्चच्या गायकवृंदांत ती गात असे. समुदायांत गातांना दुसऱ्याचा सूर ऐकून आपला मिळविण्याची, आणि श्वास सांभाळण्याची संवय तेथें लागते. दुसरें ठिकाण शाळेचा रंगमंच. 'द विझ' या संगीत नाटकांतील 'होम' हें गाणें तिनें शाळेच्या नाट्यप्रयोगांत म्हटलें होतें. याखेरीज आयर्व्हिंग्टन हायस्कुलांत ती बास्केटबॉलच्या चमूंत होती. पांच फूट दहा इंच उंचीची ही मुलगी चेंडूसाठीं झगडतांना कोणाला हार जात नसे. चर्च, नाटक आणि मैदान या तीन ठिकाणीं मिळालेलें शिक्षण तिला पुढें रंगमंचावर एकत्र उपयोगीं पडलें.

आतां आम्ही त्या प्रसंगाकडे येतों, ज्यासाठीं हें चरित्र सांगावयास घेतलें. १९८० नंतरच्या त्या वर्षांत आयर्व्हिंग्टन हायस्कुलाच्या मुलांना रॅपचें वेड लागलें होतें. मधल्या सुटींत मुलें भिंतीशीं उभीं राहून तोंडानें ढोलाचे आवाज काढीत आणि यमकें जुळवीत. हा धुडगूस आहे असें म्हणून शिक्षकांनीं त्यांना हांकून लावलें असतें, तर त्यांत नवल नव्हतें. रीटाबाईंनीं तसें केलें नाहीं. मुलांना कशाची गोडी आहे हें त्या समजून घेत, आणि मुलेंही त्यांच्यापाशीं मन मोकळें करीत. शाळेच्या एका नृत्यसमारंभासाठीं त्यांनीं तबकड्या वाजविण्यास त्या भागांतील एका कसबी तरुणाला बोलाविलें. मार्क जेम्स त्याचें नांव. जुन्या लहान तबकड्यांतून नवे ठेके शोधून काढण्याच्या हातोटीमुळें त्याला 'फॉर्टी-फाइव्ह किंग' म्हणत. बाईंनीं बोलाविलेला हाच पाहुणा त्यांच्या मुलीचा पहिला संगीतगुरु झाला.

लतीफानें प्रथम 'लेडीज फ्रेश' नांवाच्या मुलींच्या एका मेळ्यांत भाग घेतला होता. तेथें तिचें काम शब्द म्हणण्याचें नसून तोंडानें ढोल वाजविण्याचें होतें. आमच्या मतें ही गोष्ट क्षुल्लक नव्हे. तबला शिकणारा मुलगा जसे आधीं बोल तोंडानें म्हणतो, तसा तिच्या अंगांत ठेका आधीं मुरला व शब्द मागाहून आले. पुढें ईस्ट ऑरेंज येथें जेम्सच्या आईबापांच्या घराच्या तळघरांत जमणाऱ्या तरुण मंडळींत ती जाऊं लागली. या मंडळीनें आपणांस 'फ्लेव्हर युनिट' असें नांव घेतलें होतें. तेथें ती बहुतेक मुलग्यांच्या घोळक्यांत उभी राहून आपली पाळी येईल तेव्हां आपल्या ओळी म्हणे, आणि ओळ फसली तर घरीं जाऊन पुन्हा लिही. त्या तळघरांत तयार झालेलें एक नमुन्याचें ध्वनिमुद्रण 'फॅब फाइव्ह फ्रेडी' या प्रसिद्ध रॅप-प्रसारकाच्या हातीं पडलें, व त्याच्या मार्फत न्यूयॉर्कच्या 'टॉमी बॉय' कंपनीकडे गेलें. कंपनीनें तिच्याशीं करार केला आणि १९८८ सालीं तिची 'रॅथ ऑफ माय मॅडनेस' ही पहिली तबकडी निघाली. त्या वेळीं ती अठरा वर्षांची होती. शाळा संपवून तिनें न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन भागांतील एका सार्वजनिक कॉलेजांत नांवही घातलें होतें. परंतु गाण्याच्या कामानें तो मार्ग पुढें मागें पडला.

१९८९ सालीं तिचा पहिला गीतसंग्रह 'ऑल हेल द क्वीन' प्रसिद्ध झाला. त्यांत रॅपबरोबर जमेकाच्या रेगे संगीताची व जॅझची छटा आहे. या संग्रहांतील 'लेडीज फर्स्ट' हें गीत तिनें मोनी लव्ह या इंग्लंडांतील तरुणीसमवेत म्हटलें. स्त्रिया या कलेंत पुरुषांच्या पाठीमागें उभ्या राहण्यासाठीं आलेल्या नाहींत, हा त्याचा आशय. त्या गीताच्या चित्रपटांत गुलामांना मुक्तीचा मार्ग दाखविणारी हॅरिएट टबमन आणि स्त्रियांच्या व कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठीं झगडलेली सोजर्नर ट्रूथ यांचीं चित्रें दाखविलीं आहेत, व दक्षिण आफ्रिकेंतील वर्णद्वेषाचीं दृश्येंही आहेत. एकोणीस वर्षांच्या मुलीनें आपल्या पहिल्याच संग्रहांत स्वतःची बढाई सांगण्याऐवजीं पूर्वजांचें स्मरण करावें, यांत त्या चित्रकलेच्या शिक्षिकेच्या घराचे संस्कार दिसतात. डोक्यावर आफ्रिकी धर्तीचा उंच मुकुटासारखा टोप व अंगभर पोषाख, असा तिचा थाट असे. आपण कोणाच्या डोळ्यांच्या करमणुकीसाठीं उभ्या नाहीं, हें ती न बोलतां सांगे.

येथपर्यंतची हकीकत यशाची आहे. पण केवळ यश सांगितलें तर चरित्र खोटें होईल. १९९२ सालीं तिच्या भावाचा मोटारसायकलीच्या अपघातांत मृत्यु झाला. तो अवघा २४ वर्षांचा होता. ती मोटारसायकल लतीफानेंच त्याला भेट म्हणून दिली होती. आपण प्रेमानें दिलेली वस्तु भावाच्या मृत्यूचें कारण व्हावी, याहून मोठें दुःख कोणतें? त्या काळांत आपल्याला खोल नैराश्यानें ग्रासलें होतें, हें तिनें पुढें स्वतः मोकळेपणानें सांगितलें आहे. त्या गाडीची किल्ली ती कित्येक वर्षें गळ्यांत घालीत असे. परंतु तिनें लिहिणें सोडलें नाहीं. १९९३ सालीं 'ब्लॅक रेन' हा संग्रह तिनें भावाच्या स्मृतीस अर्पण केला, आणि आईसह त्याच्या नांवानें एक शिष्यवृत्ती-निधि स्थापून गरजू व गुणी विद्यार्थ्यांच्या कॉलेजशिक्षणास हातभार लावला. शोकाचें असें रूपांतर करणें हें गाण्यापेक्षां कठीण काम आहे.

याच संग्रहांत 'यू. एन्. आय. टी. वाय.' हें गीत आहे. या अक्षरांचा मिळून अर्थ 'एकता' असा होतो. त्या वर्षांत रॅप गाणाऱ्या कित्येक पुरुषांच्या तोंडीं स्त्रियांविषयीं शिवराळ शब्द सर्रास येऊं लागले होते, व तरुण मुलांना त्यांत पुरुषार्थ वाटूं लागला होता. लतीफानें त्याच कलेंत, त्याच ठेक्यावर या गोष्टीचा निषेध केला. रस्त्यांत मुलीची छेड काढणें, तिला अपशब्दानें हांक मारणें, घरांत तिच्यावर हात टाकणें, या तिन्ही अपमानांचा तिनें गीतांत एकेक करून समाचार घेतला. विशेष हें कीं, तिनें पुरुषांना शत्रु मानलें नाहीं. स्त्रीपुरुषांनीं एकमेकांचा मान राखून एकत्र राहावें, अशी तिची मागणी आहे. १९९५ सालीं या गीतास उत्कृष्ट एकल रॅप-गायनाचें ग्रॅमी पारितोषिक मिळालें. त्या स्पर्धेंत शेवटच्या यादींत तिच्याबरोबर जे होते ते सर्व पुरुष होते. वडील मंडळी रॅपवर जो आक्षेप घेतात, तोच आक्षेप एका रॅप गाणारीनें वडील मंडळींपेक्षां अधिक जोरानें घेतला व तो लाखो तरुणांनीं ऐकला, हें येथें मुद्दाम नमूद केलें पाहिजे.

पुढील उत्कर्ष थोडक्यांत सांगतों. १९९३ ते १९९८ या काळांत 'लिव्हिंग सिंगल' या दूरचित्रवाणीवरील मालिकेंत तिनें एका मासिकाच्या संपादिकेची भूमिका केली. 'शिकागो' या २००२ सालच्या संगीतमय चित्रपटांतील कामाबद्दल ऑस्कर पारितोषिकासाठीं तिचें नांव सुचविलें गेलें. २००६ सालीं हॉलिवुडच्या कीर्तिपथावर तिच्या नांवाचा तारा बसला. हिप-हॉप कलावंतांपैकीं हा मान मिळविणारी ती पहिलीच. २०१५ सालीं 'बेसी' या चित्रपटांत तिनें जुन्या काळची थोर गायिका बेसी स्मिथ हिची भूमिका केली. २०२३ सालीं 'ऑल हेल द क्वीन' या पहिल्या संग्रहाचा अमेरिकेच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण-संग्रहांत समावेश झाला, आणि त्याच वर्षीं तिला केनेडी सेंटरचा राष्ट्रीय सन्मान मिळाला. हे दोन्ही मान रॅप गाणाऱ्या स्त्रियांत प्रथम तिलाच मिळाले. तळघरांत सुरू झालेलें गाणें राष्ट्राच्या ठेव्यांत जमा होण्यास चौतीस वर्षें लागलीं.

या सर्व काळांत रीटाबाई आयर्व्हिंग्टनच्या शाळेंत मुलांना शिकवीतच होत्या. २००४ सालीं शाळेंत काम करीत असतांनाच त्या भोंवळ येऊन पडल्या, आणि त्यांचें हृदय क्षीण झाल्याचें निदान झालें. त्यानंतर मुलीनें आपल्या धांवपळीच्या धंद्यांतून वेळ काढून आईची शुश्रूषा केली, व हृदयविकाराविषयीं लोकांस सावध करण्याच्या कार्यांतही ती आईसह पुढें आली. २१ मार्च २०१८ रोजीं रीटाबाईंचें देहावसान झालें. न्यूअर्कचें ऋणही लतीफा विसरली नाहीं. २०२२ सालीं तिच्या भागीदारींतील संस्थेनें त्याच शहरांत ७६ बिऱ्हाडांच्या नव्या घरांच्या कामास आरंभ केला. जी मुलगी एके काळीं तेथें सरकारी वसाहतींत राहिली, तीच आतां तेथें दुसऱ्यांसाठीं घरें उभारण्यास पुढें आली.

विद्यार्थिमित्रांनो, या चरित्रावरून तुम्ही असें समजूं नये कीं, चार यमकें जुळलीं म्हणजे कीर्ति घरीं चालत येते. शाळा, चर्च, मैदान व तळघर या चारी ठिकाणीं घातलेलीं वर्षें त्या यशामागें उभीं आहेत. ज्याला कोणाला गाणें, लिहिणें किंवा बोलणें आवडत असेल, त्यानें आपण काय बोलतों याचा विचार आधीं करावा. ठेका सर्वांना सारखाच मिळतो. त्यावर शिवी म्हणावी कीं स्वाभिमानाचा शब्द म्हणावा, हें ज्याचें त्यानें ठरवावयाचें असतें.

आणि पालकांस आमचें इतकेंच सांगणें आहे. मुलांच्या हातीं पडणारें प्रत्येक गाणें चांगलें आहे असें आम्ही म्हणत नाहीं; वाईट गाणीं पुष्कळ आहेत, व त्यांना वाईट म्हणावयासच हवें. परंतु न ऐकतां वाईट म्हटलेलें मुलांना पटत नाहीं. आयर्व्हिंग्टनच्या त्या शिक्षिकेनें आधीं ऐकलें, मग योग्य माणसाला शाळेंत बोलाविलें, आणि मुलीला तिचे शब्द शोधण्यास मोकळीक दिली. घरीं मूल कांहीं गुणगुणत असेल तर एखादे दिवशीं हातांतील काम बाजूला ठेवून त्याला जवळ बोलवावें, आणि तें गाणें शेवटपर्यंत म्हणून दाखवावयास सांगावें. त्यानंतर जें बोलावयाचें तें बोलावें. मग तें मुलाच्या कानीं खात्रीनें पडेल.